डांबर, मुरूम, चिखल, वाळू: ॲडव्हेंचर बाइकचं सस्पेन्शन कसं लावायचं

बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढायचा, पाटोद्यामार्गे सौताड्याचा धबधबा गाठायचा आणि परतताना कुणीतरी "इकडून जवळ पडतंय" म्हणून दाखवलेल्या पाणंदीत गाडी घालायची. एवढ्या एका दिवसात हायवेचं डांबर, घाटाची वळणं, बालाघाटातले सुटे धोंडे आणि चाकोऱ्या पडलेली काळी माती, असं सगळं चाकाखालून जातं. गाडी मात्र शोरूममधून आली तशीच असते. मग ती हायवेवर डुलते, गतिरोधकावर मागून फेकते, दगडांत हाताला मुंग्या आणते आणि बोल लागतो तो कंपनीच्या शॉकअपला. बऱ्याचदा शॉकअप ठणठणीत असतो, फक्त तुमच्या वजनाला लावलेला नसतो.

हे काम घरच्या अंगणात तासाभरात होतं. मदतीला दोन माणसं घ्या. सामान म्हणजे स्टीलचा टेप, इन्सुलेशन टेप, दोन-तीन झिप टाय, टूलकिटमधला सी-पाना (शॉकअपचा खाचांचा नट फिरवायचा) आणि वही-पेन. वही विसरू नका. आकडे लिहून न ठेवता केलेलं सेटिंग चार दिवसांत डोक्यातून जातं आणि मग कुठून कुठे आलो हेच कळत नाही.

पाना हातात घेण्याआधी

टायरमधली हवा गार टायरवर तपासा आणि कंपनीच्या स्टिकरवरच्या आकड्यावर आणा. हवा ५ पीएसआयने जास्त असली तरी गाडी 'कडक' वाटते आणि माणूस उगाच शॉकअप सैल करत बसतो.

पुढचं चाक अधांतरी करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मग फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा, खडखड जाणवली तर कोनसेट सैल आहे. मागचं चाक आडवं हलवून स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) प्ले बघा. शेवटी फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. बोटाला तेलाचा ओघळ लागला तर सील फुटलंय. यातलं एक जरी निघालं तर आधी तेवढं दुरुस्त करा, कारण झिजलेल्या बेअरिंगवर केलेलं कुठलंही सेटिंग टिकत नाही.

आपल्या गाडीत नेमकं काय फिरतं हेही माहीत हवं. एक्सपल्स २०० फोर व्हीला पुढे १९० आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली जितकं हलू शकतं ते अंतर) आहे, फिरतो तो फक्त मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. हिमालयन ४५० ला दोन्हीकडे २०० मिमी आहे, तिथेही मागचा प्रीलोडच. जुन्या हिमालयन ४११ ला पुढे २००, मागे १८०. एक्सपल्सच्या प्रो मॉडेलला पुढे २५० आणि मागे २२० मिमी, आणि तिथे प्रीलोड, कम्प्रेशन (शॉकअप दबण्याचा वेग धरणारं सेटिंग), रिबाउंड (परत वर येण्याचा वेग धरणारं) तिन्ही हाताशी असतात. केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या ॲडजस्टेबल मॉडेलमध्ये फोर्कच्या एका पायात कम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असतं. गाडीत नुसता प्रीलोड असेल तरी नाराज होऊ नका, निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडतो.

सॅग मोजा

सॅग म्हणजे वजनामुळे सस्पेन्शन किती खाली बसलं ते. चाक खड्ड्यात पडतं तेव्हा त्याला खाली जायलाही जागा लागते, म्हणून गाडी अर्धवट बसलेली असणं गरजेचं आहे. ॲडव्हेंचर बाइकवर माणूस बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या ३० टक्क्यांच्या आसपास सॅग ठेवतात. जास्त डांबरावर चालणारी गाडी असेल तर २८, जास्त कच्च्यावर असेल तर ३३ पर्यंत. २०० मिमी ट्रॅव्हलला हे ५६ ते ६६ मिमी झालं, १७० मिमीला साधारण ४८ ते ५६.

मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या प्लास्टिकवर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनाने आडवी रेघ मारा. तिन्ही मापं ॲक्सलच्या मध्यापासून या रेघेपर्यंत घ्यायची आहेत.

पहिलं माप मागचं चाक पूर्ण अधांतरी असताना. मेन स्टँड असेल तर सोपं आहे. नसेल तर साइड स्टँडवर तोलून दोघांनी मागून उचला आणि तिसऱ्याने टेप धरावा. दुसरं माप गाडी जमिनीवर सरळ उभी, वर कुणी नाही. तिसरं माप तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बूट आणि नेहमीची बॅग घेऊन सीटवर नेहमीसारखे बसल्यावर, दोन्ही पाय फूटपेगवर, एकाने पुढून हँडल धरून. चपला घालून, बॅग न घेता मोजलं तर आकडा सहज ८-१० मिमीने फसवतो.

सस्पेन्शनमध्ये घर्षण असतं, त्यामुळे एकच माप दोनदा घेतलं तर दोन आकडे येतात. म्हणून दुसरं आणि तिसरं माप दोन पद्धतींनी घ्या: एकदा सीट खाली दाबून हळू वर येऊ द्या आणि मोजा, मग थोडी वर उचलून हळू खाली सोडा आणि मोजा. दोन्हींचा मध्य धरा. हे सोडून दिलं की लोक रात्रभर प्रीलोड फिरवत बसतात.

एक उदाहरण घ्या. ट्रॅव्हल २०० मिमी. चाक अधांतरी असताना ५८५, गाडी उभी असताना ५५६, माणूस बसल्यावर ५१२. म्हणजे गाडीचा स्वतःचा सॅग २९ आणि माणसासकट ७३, म्हणजे ३६ टक्क्यांच्या वर. गाडी मागून जास्त बसलीय. सी-पान्याने प्रीलोड दोन खाचा वाढवला आणि पुन्हा मोजलं: ५६४ आणि ५२०. आता सॅग २१ आणि ६५. झालं काम.

इथे एक गैरसमज गावोगावच्या गॅरेजात मुरलेला आहे. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते म्हणतात. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरतो, नट फिरवून तो बदलत नाही. प्रीलोडने गाडी वर उचलली जाते, एवढंच. वर उचलली गेल्याने खाली जायला जास्त जागा मिळते आणि माणसाला 'कडक झाली' असं वाटतं.

पुढचा सॅगही असाच, फक्त माप फोर्कच्या उघड्या नळीचं. सरळ फोर्क (चकचकीत नळी वर) असेल तर डस्ट सीलपासून (नळीवरच्या धूळ अडवणाऱ्या रबरापासून) खालच्या टीपर्यंत, म्हणजे दोन्ही नळ्या धरणाऱ्या पट्टीपर्यंत, उलटा फोर्क (चकचकीत नळी खाली) असेल तर डस्ट सीलपासून खाली ॲक्सलच्या क्लॅम्पपर्यंत. पुढे २५ ते ३० टक्के ठेवा. पुढे प्रीलोड फिरत नसेल आणि फोर्क फारच बसत असेल तर फोर्कच्या स्पेसरखाली वॉशर किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा घालतात. ५ मिमीपासून सुरुवात करा. फार जाड तुकडा घातला तर फोर्क पूर्ण दबण्याआधीच स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात आणि खड्ड्यात थेट लोखंडावर लोखंड आदळतं. झाकण उघडताना स्प्रिंग उसळी मारते, पहिल्यांदा हे काम माहीतगार मेकॅनिकसमोरच करा.

स्प्रिंगच चुकीची असेल तर

माणसासकट सॅग बरोबर आणला, आता रिकाम्या गाडीचा सॅग बघा. मागे तो ट्रॅव्हलच्या साधारण १० ते १५ टक्के हवा. माणसासकट आकडा बरोबर आणूनही रिकामी गाडी जवळजवळ बसतच नसेल, ५ मिमीसुद्धा नाही, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. उलट वाटतं, पण कारण सोपं आहे: मऊ स्प्रिंगला तुमचं वजन पेलायला इतका प्रीलोड द्यावा लागला की एकटी गाडी तिला दाबूच शकत नाही. अशी गाडी रिकामी असताना मागून उड्या मारते आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आदळते, दोन्ही. याउलट रिकामी गाडीच ३५-४० मिमी बसली आणि माणूस बसल्यावर आकडा बरोबर आला, तर स्प्रिंग कडक आहे.

९५ किलोच्या माणसाने किंवा नेहमी डबलसीट फिरणाऱ्याने इथे पैसे खर्च करावेत. प्रीलोड शेवटच्या खाचेपर्यंत नेऊन मऊ स्प्रिंग कडक होत नाही. उलट ५० किलोच्या चालकाला कंपनीची स्प्रिंग कडक पडते आणि दगडांत कंबर मोडते, हेही लक्षात असू द्या.

रिबाउंड: सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट

दबलेली स्प्रिंग परत वर येताना तिचा वेग धरून ठेवणारं तेल म्हणजे रिबाउंड डँपिंग. स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलकेच शेवटपर्यंत फिरवा आणि क्लिक मोजा. समजा १४ झाले, तर वहीत १४ लिहा, हे तुमचं मूळ सेटिंग, आणि उलट फिरवून तेवढेच क्लिक परत बाहेर या. जोर लावू नका, आतली सुई बसते आणि मग शॉकअप उघडावा लागतो.

मग सीट दोन्ही हातांनी जोरात खाली दाबून सोडा. एकदा वर यावी आणि थांबावी. वर येऊन पुन्हा खाली डोलली तर रिबाउंड कमी आहे, दोन क्लिक आत घ्या. म्हशीने चिखलातून उठावं तशी आळसाने वर आली तर रिबाउंड जास्त आहे, दोन क्लिक बाहेर.

खरी परीक्षा रस्त्यावर होते आणि त्यासाठी आपल्याकडे साखर कारखान्याचा रस्ता आहे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून डांबराला लाटा आलेल्या असतात. अशा रस्त्यावर ५० च्या वेगाने पहिली लाट बरी वाटली, दुसरी कडक, तिसरी त्याहून कडक आणि चौथीला हातातून झिणझिणी गेली, तर याचा अर्थ मागचा शॉकअप दोन लाटांमध्ये पूर्ण वर येतच नाही. प्रत्येक लाटेला तो आणखी खाली दबत जातो आणि शेवटी ट्रॅव्हल संपते. नवखा माणूस म्हणतो "कडक आहे" आणि कम्प्रेशन सैल करतो, मग गाडी आणखी खाली बसते आणि आणखी कडक वाटते. इथे इलाज रिबाउंड बाहेर काढणं हाच. याउलट गतिरोधकावरून जाताना सीटने पार्श्वभागाला वर ढकललं तर रिबाउंड आत घ्या.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा डँपरमधलं तेल पातळ होतं आणि सकाळी बरोबर वाटलेलं रिबाउंड दुपारी झटपट वर येऊ लागतं. म्हणून क्लिक ठरवायचे ते गाडी १५-२० किलोमीटर चालवून, शॉकअप कामाला लागल्यावर. भर उन्हाळ्यात एक-दोन क्लिक आत ठेवायला हरकत नाही.

कम्प्रेशनचं फार अवघड नाही. फोर्कच्या नळीवर झिप टाय हलकेच बांधा, सीलला टेकवा आणि ओळखीच्या खराब रस्त्यावर १० किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवा. झिप टाय शेवटापासून १० ते २० मिमीवर थांबला तर उत्तम. ४०-५० मिमी ट्रॅव्हल न वापरता पडून राहिली तर कम्प्रेशन दोन क्लिक बाहेर. वारंवार तळाला आदळत असेल आणि सॅग बरोबर असेल तर दोन क्लिक आत. एका वेळी एकच स्क्रू फिरवा, आणि तोच रस्ता, तोच वेग ठेवा. दोन स्क्रू एकदम फिरवले तर फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येत नाही.

कुठल्या जमिनीला काय

डांबर आणि काँक्रीट. धुळे-सोलापूर हायवेवर ८०-९० ने जाताना गाडी ठाम हवी. मागचा प्रीलोड एक खाच वर, रिबाउंड एक-दोन क्लिक आत, हवा कंपनीच्या आकड्यावर. ब्रेक मारताना नाक फार खाली जात असेल तर फोर्कचं कम्प्रेशन दोन क्लिक आत. (समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या सेटिंगचा प्रश्नच नाही.)

मुरूम, खडी आणि सुटे दगड. किनवट-माहूरचे डोंगर घ्या की येडशीचा रामलिंग परिसर, खाली बसाल्टचा काळा पाषाण आहे आणि त्याच्या कडा धारदार असतात. मूळ सेटिंगवरून कम्प्रेशन दोन्हीकडे ३-४ क्लिक बाहेर, रिबाउंड १-२ क्लिक बाहेर, म्हणजे चाक दगडाला धडकून उडण्याऐवजी त्यावरून लोळतं. ट्यूबच्या टायरला हवा २२ ते २५ पीएसआय. त्याखाली गेलात तर धारेवर टायर दबून ट्यूब रिमला चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती. ज्यांच्या गाडीत क्लिक नाहीत त्यांनी हवा आणि वेग एवढ्यावरच खेळायचं, आणि दगडांत उभं राहून चालवायचं. गुडघे हाही सस्पेन्शनचाच भाग आहे.

काळी माती. इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर क्लिक फिरवून फार काही हाती लागत नाही. ओली रेगुर टायरच्या खाचा भरून टाकते, मग पुढच्या मडगार्डखाली साचते आणि चाक जाम होतं. पावसाळ्याआधी टायरला लागून असलेलं खालचं मडगार्ड काढता किंवा उचलता येत असेल तर ते काम कुठल्याही शॉकअपपेक्षा जास्त उपयोगाचं. चिखल खरवडायला बांबूची कामटी सीटखाली ठेवा. आणि शेतकऱ्याचा नियम पाळा: वापसा आल्याशिवाय काळ्या रानात जायचं नाही. मातीची मूठ वळून टाकली आणि ती फुटून मोकळी झाली तर गाडी जाईल. लाडूसारखी गोल राहिली तर वाट बदला.

ट्रॅक्टरने ओल्यात पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून दगडासारख्या होतात. त्यात पुढचं चाक सापडलं तर हँडल ओढून बाहेर काढू नका. वेग धरा आणि चाकोरी उथळ होईपर्यंत त्यातच चला. मागचा सॅग फार जास्त असेल तर पुढचं हलकं होतं आणि चाक चाकोरीतून भरकटतं, तेव्हा प्रीलोड एक खाच वाढवा.

वाळू. उन्हाळ्यात गोदावरी, मांजरा, सिंदफणेची पात्रं कोरडी पडतात. वाळूत पुढचं चाक रुतायला बघतं, म्हणून सगळं सेटिंग पुढचं हलकं करण्यासाठी: फोर्कचं कम्प्रेशन ३-४ क्लिक आत, मागचा प्रीलोड एक खाच कमी, वजन मागे. हवा १८ पीएसआयपर्यंत आणता येते, पण रिम लॉक (टायर रिमवर घट्ट पकडून ठेवणारी कळ) नसेल तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की थांबा. वाळू संपल्यावर हवा भरायला छोटा पंप जवळ हवा, नाहीतर पुढच्या दगडात रिम वाकतो.

एकाच दिवशी चारही जमिनी लागणार असतील तर दर पाच किलोमीटरला पाना काढत बसू नका. दिवसातल्या सगळ्यात कठीण पट्ट्यासाठी सेट करा आणि बाकी ठिकाणी वेग कमी ठेवा.

सामान आणि डबलसीट

मागे २० किलोच्या बॅगा किंवा माणूस बसला की सॅग पुन्हा मोजा आणि प्रीलोड वाढवून त्याच आकड्यावर आणा. टेप हाताशी नसेल तर रात्री हेडलाइट बघा: समोरून येणारे सारखे डिपर देत असतील तर मागून गाडी बसलीय. प्रीलोड बदलल्यावर चेनचा ढिलेपणाही मॅन्युअलप्रमाणे तपासा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, आणि जड गाडी खड्ड्यात दबताना नेमकं तेच होतं. तिथे चेनला जागा उरली नाही तर गिअरबॉक्सचं बेअरिंग मार खातं.

आणखी एक, जे पहिल्यांदा गाडी पडल्यावरच कळतं. प्रीलोड वाढवून सामान उतरवलं की गाडी उंच होते आणि साइड स्टँडवर जास्त कलते. सामान लादून प्रीलोड तसाच ठेवला तर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने उजवीकडे पडते. मऊ रानात स्टँडखाली चपटा दगड ठेवाच.

सील आणि तेल

काळी माती फोर्कच्या नळीवर वाळली की तिचा पॉलिश पेपर होतो. घरी पोहोचल्यावर, पुन्हा गाडी दामटण्याआधी, ओल्या फडक्याने नळी पुसून काढा. सीलमधून तेल पाझरू लागलं तर लगेच सील बदलायला धावू नका. बऱ्याचदा ओठाखाली मातीचा कण अडकलेला असतो. डस्ट सील बोथट स्क्रूड्रायव्हरने हलकेच सरकवा (सरळ फोर्कला वर, उलट्याला खाली), पाण्याच्या बाटलीच्या पातळ प्लास्टिकची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्या टोकाला छोटा आकडा ठेवा, ती सील आणि नळीच्या मध्ये घालून गोल फिरवा आणि बाहेर ओढा. पट्टीवर काळी रेघ येईल. ती येईनाशी होईपर्यंत करा, नळी पुसा, फोर्क दहा वेळा दाबा. तरीही ओघळ आला तर मात्र सील गेलं.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याचा नोझल सील, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागच्या लिंकेजवर (शॉकअपला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांवर) रोखू देऊ नका. पाणी आत जातं, ग्रीस धुतलं जातं आणि दोन पावसाळ्यांत बेअरिंग गंजून बसतं. लिंकेजला वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, उघडून ग्रीस लावा.

फोर्क ऑईल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, आणि दोन्ही पायांत मापून. स्प्रिंग बाहेर काढून फोर्क पूर्ण दाबलेला असताना वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजतात. ग्लासने अंदाजे ओतलेलं तेल दोन पायांत वेगळं भरतं आणि एक पाय दुसऱ्याच्या आधी कडक होतो. तेलाची पातळी ५ मिमी वाढवली तर वरची हवा कमी होऊन फोर्क शेवटच्या टप्प्यात जास्त तग धरतो. ज्यांच्या फोर्कला एकही स्क्रू नाही त्यांना तळाला आदळणं थांबवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय. १० मिमीच्या पुढे मात्र जाऊ नका, आतला दाब वाढून सील बाहेर येतं.